भिंतीले पाठ लावू नोको

परवा भाच्यानं मला नागपुरातल्या एका नव्या कॅफेत नेलं. नेलं म्हणजे ओढलंच. "मामा, चला, तुमच्या काळातलं वाटेल," म्हणाला. माझा काळ म्हणजे या पोराला नेमका कोणता वाटतो, कोण जाणे. तो म्हणत होता त्या काळात मी पाळण्यात होतो. आत गेलो तर दाराला मण्यांचा पडदा, कोपऱ्यात सुतळीच्या गाठींनी टांगलेल्या कुंड्या, खुर्च्यांऐवजी जमिनीलगत गाद्या, आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर मोकळ्या केसांची एक भलीमोठी बाई. केसांच्या लाटा, लाटांत गिटारी, गिटारींवर फुलं, आणि डोक्यामागं सूर्यासारखी उगवलेली काळी रेकॉर्ड. सगळं नारिंगी, तपकिरी आणि मोहरीच्या रंगात. भिंत इतकी तुळतुळीत होती की मला शंका आली. भाच्यानं नखानं कोपरा उचकटून दाखवला. छापील कागद होता.

"टेका ना मामा आरामात," तो म्हणाला.

मी ताठ बसून राहिलो. कॉफी आली, गार झाली, तरी माझी पाठ काही टेकेना. भाच्याला वाटलं मामाला आवडलं नाही. त्याला काय सांगणार? गोंदियाजवळच्या मुर्रीला मी लीलाधर काकाजींच्या घरी बरीच वर्षं भाड्यानं राहिलो, आणि अशा बाईसमोर टेकून बसायचं नसतं, हे माझ्या पाठीला तिथंच शिकवलं गेलं. काकाजी आता नाहीत. गेल्या उन्हाळ्यात गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दौऱ्यावर होतो, जाता आलं नाही. तो कागद पाहून ते सगळं एकदम वर आलं, आणि खरं सांगायचं तर राग आला. कोणावर, ते अजून ठरत नाही.

मी पाटबंधारे खात्यातला माणूस. गोंदियाला बदली झाली तेव्हा खोली शोधत मुर्रीत शिरलो. मुर्री गोंदियाला अगदी चिकटून आहे. एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. काकाजी ओसरीवर सुतळीचा गुंता सोडवत बसले होते. लहानखुरा, वाळका माणूस. डोक्याचे केस इतके बारीक कापलेले की दुरून चकोटच वाटावा. अंगात बंडी, गळ्यात तुळशीची माळ. मी नाव-गाव सांगितलं. तिरोड्याकडचा म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"मागच्या दोन खोल्या हायेत. मांस-मच्छी खा, माहं काही नाही. दारू नोको. आन समोरच्या खोलीतून ये-जा करशील त भिंतीले पाठ लावू नोको."

मला वाटलं, ओल असेल. आत पाऊल टाकलं आणि दारातच थबकलो. गुंजांच्या माळांचा पडदा अंगावरून सळसळत गेला आणि समोर ती बाई उभी. खाली गाद्या, त्यांना बारदान्याची रंगवलेली अभ्रं. छताला सुतळीच्या जाळ्यांत अडकवलेली मडकी. दिव्यावर टोपी म्हणून मासे धरायचा बांबूचा सापळा उलटा टांगलेला, त्याच्या फटींतून उजेडाच्या रेघा भिंतभर पसरलेल्या. कोपऱ्यात रेकॉर्ड वाजवायची पेटी, तिच्यावर मेणबत्तीचे ओघळ साचलेली बाटली. आणि या सगळ्याच्या मधोमध बंडी-तुळशीमाळेतले काकाजी, पोळ्याची झूल बारा महिने अंगावर घेऊन फिरणाऱ्या बैलासारखे. माणूस आणि खोली यांचा काही मेळच लागत नव्हता.

आपण माणसं गाढव असतो. पाठ लावू नको म्हटलं की पाठ लावून पाहतो. मी मुद्दाम नाही लावली, पण पायातला बूट काढताना तोल गेला आणि खांदा टेकला. पांढरा शर्ट होता. काकाजींनी मला हाताला धरून वळवलं, पाठ पाहिली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "केस गेले."

मला वाटलं माझ्या डोक्याबद्दल बोलताहेत. ते भिंतीकडे बघत होते. बाईच्या केसांची एक लाट माझ्या शर्टावर आली होती. काकूंनी मग समजावून सांगितलं, की हा बुकनीचा रंग, सरसात कालवलेला. नाटकाच्या पडद्यांना देतात तो. पडद्याला कोण टेकतं? पण घरच्या भिंतीवर लावला की अंगाला लागतो, पाण्यानं जातो. काकाजींनी तेवढ्यात आतून रंगाची वाटी आणि रंगवायची कुंची आणली होती. तासभर ते गेलेली लाट भरत बसले. इतकं सावकाश, की शर्टाबद्दल तक्रार करायची माझी इच्छाच मेली. हात चित्रकाराचा नव्हता, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. फाटकं लुगडं शिवावं तसं ते शिवत होते.

मी आपला अंदाज बांधून टाकला की म्हातारा तरुणपणी रंगेल असणार. ऑर्केस्ट्रात वाजवत असेल, बेलबॉटम घालून गोंदियाच्या स्टेशनावर हिंडला असेल. आता माळ घातली तरी जुन्या दिवसांची हौस सुटत नाही. अंदाज फार छान होता. एवढंच की त्या घरात कधी गाणं वाजत नव्हतं. पेटी बंद. रेडिओ होता, त्यावर काकाजी बाजारभाव आणि पाऊसपाणी ऐकत आणि गाणं लागलं की कान पिळून बंद करत.

एकदा शहरातून एक मुलगी आली. कुणाच्या तरी लग्नात फोटो काढायला आलेल्यांकडून तिनं या खोलीबद्दल ऐकलं होतं. ती लोकांची घरं सजवून देते म्हणे. आत आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग मोबाइल काढून भराभर फोटो घ्यायला लागली.

"अंकल, ये तो असली सेवंटीज है. आजकल सब यही माँगते हैं. आपने बनाया?"

"नाही," काकाजी म्हणाले.

"पर शौक तो आपका ही होगा. कितने प्यार से सँभाला है."

"शौक कायचा? मले नाही आवडत हे."

ती हसली. तिला वाटलं अंकल मस्करी करताहेत. "तो फिर रखा क्यों है?"

काकाजी काकूंकडे वळून म्हणाले, "पोरीले चहा दे." आणि बाहेर निघून गेले. मुलगी चहा पिऊन, आणखी फोटो काढून गेली. जाताना ते सुतळीचं एखादं टांगणं विकत मिळेल का, असं तिनं काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "शिकवतो तुले, बस." आणि दोन गाठी शिकवल्या. भाच्यानं नेलेल्या कॅफेतल्या गाठी त्याच होत्या की काय, अशी शंका मला अजून आहे.

सरजाकाकू म्हणजे काकाजींच्या बरोबर उलट. बोलक्या, थट्टेखोर. भिंतीवरच्या बाईला त्या 'माही सवत' म्हणत. "मी आली त थे अगोदरच बसली होती घरात. मले त उंबऱ्यावरच दिसली. म्हनलं, चला, नवरा त शयरातला दिसते. मंग नवरा पाह्यला." असं म्हणून पदर तोंडाला लावून हसायच्या. टांगणी जीर्ण झाली की त्याच नवी करत. पहिल्या वर्षी एक जुनं टांगणं गाठ-गाठ उसवून ती वीण त्यांनी शिकून घेतली होती. मूलबाळ नव्हतं. दोघं आणि ती तिसरी.

दिव्यावरचा सापळा एकदा तुटला. माझं जाणं-येणं बोदलकशाच्या जलाशयावर असे, म्हणून काकाजींनी मला तसाच दुसरा आणायला सांगितलं. तिथल्या एका मासे धरणाऱ्याकडून मी चांगला नवाकोरा आणला. कशाला हवा ते सांगितल्यावर तो पोट धरून हसला होता. काकाजींनी सापळा हातात घेऊन फिरवला, उजेडासमोर धरला आणि परत केला.

"फटी बारीक हायेत. उजेड बारका पडंल."

मी दुसरा आणला. त्याचं तोंड रुंद निघालं. मग मात्र माझं डोकं फिरलं. "काकाजी, दिव्याची टोपी आहे ती. मासे तर नाही ना धरायचे तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझीच जीभ चावली गेली. "बाबू, जसं होतं तसंच पायजे. नाही त तो म्हनंल, हे माहं नोहे."

"तो कोण?"

"कोनी नाही," म्हणाले, आणि तुटका सापळा स्वतःच घेऊन माझ्या फटफटीवर मागं बसून बोदलकशाला आले. त्या माणसाशेजारी काठावर बसून, फटी बोटानं मापून, तसाच नवा विणून घेतला. मासेवाला शेवटी हसायचा थांबला होता.

तो कोण, ते मला दरेकशाला कळलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस येतात. दंडारीचे नाच, नाटकं, पाहुण्यांनी घरं भरलेली. त्या दिवसांत काकाजी दर साली एकदा दरेकशाला जात. विचारलं तर म्हणत, बांबू पाहाले. बांबू कधी आणत नसत. एका साली त्यांना ताप होता आणि काकूंनी मला सोबत पाठवलं. पॅसेंजरनं गेलो. दरेकसा म्हणजे डोंगर, जंगल आणि एवढंसं स्टेशन. काकाजी उतरले ते गावाकडे वळलेच नाहीत. फलाटावरच्या बाकावर जाऊन बसले. एक गाडी आली, थांबली, चार माणसं उतरली. काकाजींनी चौघांची तोंडं नीट पाहिली. गाडी गेली. दुसरी आली. तिचीही माणसं पाहिली. ना घाई, ना आशा. वर्षाचं एक काम उरकावं तसं.

दुपार कलली तेव्हा मी विचारलं, "कोणाची वाट पाहता?"

ते फलाटाकडे बघतच बोलायला लागले.

"प्रभाकर. माहा लहान भाऊ. नाटकाचे पडदे रंगवे, तोंडाचा बाजा वाजवे. केस असे खांद्यालोक. गाववाले त्याले हिप्पी म्हनत. रेल्वे कॉलनीत त्याचे दोस्त होते, त्यायच्याकडे रेकाटा ऐकाले जाय आन त्यावरचे चित्रं पाहून येय. माहं लगन ठरलं होतं. धानकापनी चालू, मी दिवसभर बांधीत. हा घरी. मायले वाटे, पोरगा लगनघर चुन्यानं पोतून राहिला. एका संध्याकाळी मी घरी आलो आन पाह्यतो त भिंतीवर थे बाई. खाली गाद्या, वर मडके. मले म्हनते, दादा, वहिनीले शयरावानी खोली केली. माह्याकडून लगनाचा आहेर."

एक मालगाडी न थांबता गेली, तिचा आवाज विरेपर्यंत काकाजी थांबले.

"लगनघरात मोकळ्या केसाची बाई. माय रडाले लागली. काका म्हने, घरात अवदसा काढली. दुसऱ्या दिवशी पोरीकडचे येनार होते. मले त लाजच लाज वाटे. चुना कालवून ठेवला होता बादलीत. मी त्याले म्हनलो, सकाळलोक हे पोतून टाक, नाही त तोंड दाखवू नोको. तो म्हने, मी नाही पोतनार, दादा. तुले पोताचं त तू पोत. आन सकाळी नव्हता."

"मग?"

"मंग काय. इकडे दरेकशाले मंडईच्या नाटकाचा पडदा रंगवला म्हनत. इथूनच गाडीत बसताना लाइनवरच्या मानसानं पाह्यला. कलकत्त्यालोक पाहून आलो मी. नाही भेटला."

"आणि भिंत?"

"हात नाही उठला. चुना बादलीतच वाळला. त्या बाईसमोरच हळद लागली मले." त्यांनी रुळांकडे पाहिलं. "तो येईल कधी. दारातून पाहील. भिंत हाये तशी दिसली त आत येईल. पोतलेली दिसली त दारातूनच जाईल. म्हनून ठेवली. आवडाचं त मले काहीच नाही त्यातलं. तवा नव्हतं, आता बी नाही."

इतकी वर्षं ज्याला सगळे हौस समजत होते, ती हौस नव्हतीच. न आवडणाऱ्या वस्तूंची इतकी निगा मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. परतीच्या गाडीत मला त्या मुलीची आठवण आली. 'कितने प्यार से सँभाला है' म्हणाली होती. चुकलं तर तिचं फार काही नव्हतं.

गल्लीला यातलं काही ठाऊक नव्हतं. धाकटा कामासाठी कलकत्त्याकडे गेला आणि तिकडचाच झाला, एवढंच त्यांना सांगितलेलं. त्यामुळं दर दिवाळीच्या आधी एक नाटक ठरलेलं असायचं. आमच्या गल्लीत बायका मिळून एकमेकींची घरं पोतून काढत. पुढारी कौसाबाई. शेजारच्याच घरातली, काकूंची जिवाची मैत्रीण, हाताला लागेल त्या कामाला नाही न म्हणणारी. चुन्याची बादली घेऊन दारात उभी राहायची.

"सरजा, यंदा त थे समोरची खोली पोतू दे वो. किती कारी-पिवरी झाली. पाहुन्या-रावन्यात बरं दिसते का?"

"यंदा राहू दे, कौसा. पुढच्या साली पोतू."

"दरसाल असंच म्हनते तू."

"पुढच्या साली नक्की."

आणि चहा ठेवायच्या. मी एकदा काकूंना म्हटलं, खरं काय ते सांगून का टाकत नाही? काकू तेव्हा पहिल्यांदा थट्टा विसरून बोलल्या. "सांगू कायले? घरच्या मानसानं घरच्या मानसाले काढलं, हे का गल्लीत सांगाची गोष्ट हाये? त्यायची मान खाली जाईल. मी हाये ना दारात उभी. मी हाये तवरी कोनी कुंची नाही लावत भिंतीले."

हे खरं होतं. आणि काकू असतील तोवरच खरं होतं, हे त्यांच्या, काकाजींच्या, माझ्या, कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

काकू हिवाळ्यात गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. काकाजी रडले नाहीत. टांगणीतल्या मडक्यांना हात लावून लावून ती हलताहेत का पाहत बसत. काकूंच्या हातची शेवटची वीण त्या मडक्यांना होती.

दहाव्याला आम्ही पुरुष मंडळी नदीवर गेलो. काकाजींनीच सगळं केलं. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर दोन-चार बसलेले, खाली येत नाहीत. माणसं एकेक करून हात जोडायला लागली. कोणी म्हणालं, तीर्थाला नेईन म्हणा. कोणी म्हणालं, गाय देईन म्हणा. मी या गोष्टी मानत नाही, पण तिथं उभं राहिल्यावर मानणं न मानणं आपल्या हातात राहत नाही. शेवटी काकाजी पुढं झाले. पिंडासमोर वाकून, शेजारी उभ्या मला तेवढं ऐकू येईल असं म्हणाले, "सरजा, खोलीची चिंता नोको करू. हाये तशी ठेवीन मी."

कावळा खाली आला आणि शिवला. लोक सुस्कारे टाकून उठले. काकाजींच्या तोंडावर किती दिवसांनी थोडं बरं वाटल्याची कळा आली होती. येताना गाडीत ते माझ्याशी बोललेसुद्धा. म्हणाले, "तिचा जीव त्यातच होता पाह्य."

गल्लीच्या तोंडाशी उतरलो तेव्हाच मला वास आला. ओल्या चुन्याचा वास. मी तो वास नको म्हणून दुसरीकडे बघत चाललो, जणू न पाहिल्यानं तो जाणार होता. आमच्यात सुतकाच्या घरात दहाव्याला पुरुष नदीवर गेले की गल्लीतल्या बाया येऊन घर सारवून-पोतून देतात. दुःखातल्या माणसाला ते काम करावं लागू नये म्हणून. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. काकाजींनाही होतं. पण त्या दिवशी दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

कौसाबाई दारात उभी होती. लुगडं वर खोचलेलं, कोपरापर्यंत पांढरे हात, कपाळावर, भुवयांवर चुन्याचे थेंब. रडून डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर एक समाधान.

"भाऊजी, सरजा दरसाल म्हने, पुढच्या साली पोतू, पुढच्या साली पोतू. बिचारीची तेवढी इच्छा राहून गेली होती. आमी आज पुरी केली. सकाळपासून लागलो सगळ्या जनी."

गुंजांचा पडदा दाराच्या बाजूला गुंडाळून बांधला होता, रंग लागू नये म्हणून. गाद्या झटकून एकावर एक रचलेल्या. सापळ्यावर पांढरे शिंतोडे. आणि समोर भिंत. नुसती भिंत. नुकतीच वाळलेली, पांढरीफटक.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते माहीत नाही, पण मोठ्यानं बोलणार होतो. काकाजींनी माझं मनगट धरलं. वाळक्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग कौसाबाईकडे, मग तिच्या हातांकडे. बोटांच्या पेरांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या.

"बरं केलं, बाई," ते म्हणाले. "हाताले तेल लावून घ्या सगळ्या. चुना भाजते."

आणि आत जाऊन त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणली. एकेकीच्या ओंजळीत ओतली. सगळ्या जणी तेल चोळत, काकूंच्या आठवणी काढत रडत होत्या. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

त्यांनी हे गल्लीत कधी कोणाला सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही. "कौसाबाईले कळलं त मरंल थे," एवढंच म्हणाले. म्हणजे आधी लाजेपायी लपवलं होतं, ते आता तिच्यापायी लपवायचं. माणसानं किती वेळा एकच गोष्ट गिळायची?

त्या उन्हाळ्यात माझी नागपूरला बदली झाली. सामान ट्रकवर चढलं, आणि मी निरोप घ्यायला समोरच्या खोलीकडे गेलो. भर दुपार. दार लोटलेलं. आतून कापड पिळल्याचा, पाणी टपकल्याचा आवाज. मी हाक मारली. "ये," म्हणाले.

काकाजी भिंतीजवळ स्टुलावर उभे होते. खाली बादली. हातात काकूंच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. तो भिजवून, हलका पिळून, ते भिंतीला लावत होते. घासत नव्हते, नुसता टेकवत होते. एके ठिकाणी, मग बाजूला, मग त्याच्या खाली. जिथं कापड लागत होतं तिथं चुना ओला होऊन पातळ होत होता, आणि त्याच्याखालून हळूहळू नारिंगी वर येत होतं. केसांची एक लाट आली. मग एक डोळा आला. मग गिटारीची मान.

मी दारातच उभा राहिलो. ती बाई पाण्याखालून बघावं तशी आमच्याकडे बघत होती.

"एकच हात फिरवला बायायनं," काकाजी म्हणाले. "दुसरा फिरवला असता त हे बी नसतं दिसलं."

"काकाजी, मग थोडं घासून काढा ना. चुना निघून जाईल."

"चुना निघंल त थे बी निघंल. बुकनी हाये."

मी बादलीत पाहिलं. पाणी पांढुरकं होतं, आणि त्या पांढऱ्यात किंचित, अगदी किंचित, नारिंगी. त्यांनीही पाहिलं. मी पाहिलं हेही त्यांनी पाहिलं.

"म्हनून रोज नाही करत," ते म्हणाले. "सगळं एका वक्ती बी नाही करत. कवा तोंड, कवा केस. हात बसला पायजे. तो आला त लवकर करता आलं पायजे ना. दारात कितीक वेळ उभा राहील तो?"

ज्या भिंतीनं त्याला आत बोलवायचं होतं, ती आता त्यांना स्वतःच्या हातानं थोडी थोडी पुसूनच दाखवता येणार होती. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी त्यांनी कापड पुन्हा बुडवलं, पिळलं आणि डोळ्याच्या कडेला लावलं.

"मी नाही पोतली," भिंतीकडेच बघत ते म्हणाले. "तेवढं दिसंल त्याले."

मग स्टुलावरून उतरले, हात पुसले. मी पाया पडलो. बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

"बस थोडा," म्हणाले. "वाळेपर्यंत बस. आन पाठ लावू नोको, ओली हाये."

आम्ही गाद्यांवर बसलो, दोघंही ताठ. उन्हाळ्याची दुपार, भिंत भराभर वाळत होती. आधी केस गेले, मग गिटार गेली. डोळा तेवढा बराच वेळ राहिला. काकाजी त्याच्याकडे बघत होते, आणि मधूनच दाराकडे.